मेंदूची शस्त्रक्रिया, त्वचेची राखण

सदर : आरोग्यधन

पेढीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा हात थरथरू लागला की ती गोष्ट पुष्कळदा घरच्यांच्या आधी वहीच्या ध्यानात येते. वर्षानुवर्षे ठसठशीत राहिलेले अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जाते, सही जुळत नाही म्हणून बँकेतून धनादेश परत येतो, नोटा मोजताना अंगठा अडखळतो. पुढे निदान होते पार्किन्सन्सचे, म्हणजेच कंपवाताचे. लेव्होडोपाच्या गोळ्यांवर काही वर्षे चांगली जातात. मग गोळीचा अंमल आखूड होत जातो. दोन-तीन तासांत शरीर पुन्हा जखडते, आणि अंमल असतो तेव्हा मान व हातपाय अनावर हलू लागतात. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञ ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’, अर्थात डीबीएस, या शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवतात.

मग घरात विचारविनिमय सुरू होतो. कवटीला छिद्र पाडून मेंदूत तार बसवायची, या एका कल्पनेनेच सर्वांचा जीव दडपतो. सारे प्रश्न मेंदूविषयीच विचारले जातात, आणि ते स्वाभाविकही आहे. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा असतो, गंभीर असतो. परंतु तो साधारणपणे शंभरात एक-दोन रुग्णांच्या वाट्याला येतो. त्याहून अधिक वेळा अडचण उभी राहते ती मेंदूत नव्हे, तर त्या यंत्राला झाकणाऱ्या त्वचेत. जखमेत जंतुसंसर्ग होणे किंवा तारेवरची त्वचा झिजून तार उघडी पडणे, हे प्रकार वेगवेगळ्या रुग्णालयांच्या अहवालांत बहुधा शंभरात दोन ते पाच रुग्णांत आढळतात. काही अहवालांत हे प्रमाण दहाच्याही वर गेलेले दिसते. मेंदूतले काम अचूक होऊनही केवळ त्वचेच्या कारणाने यंत्र काढून टाकावे लागते, तेव्हा रुग्णाचा आणि कुटुंबाचा होणारा मनोभंग फार मोठा असतो. म्हणून या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराने त्वचेचा हा अध्याय आधीच समजून घेणे हिताचे आहे. यातील बराच भाग शल्यचिकित्सकाच्या हाती असला, तरी उरलेला भाग घराच्याच हाती असतो.

यंत्र आणि त्याची वाट

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. शस्त्रक्रियेच्या आजच्या पद्धतीचा पाया मात्र फ्रान्समधील ग्रनोबल येथे घातला गेला. तेथील शल्यचिकित्सक अलीम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये असे दाखवून दिले की, मेंदूतील विशिष्ट केंद्राला जलद गतीने सूक्ष्म विद्युत्स्पंदने दिल्यास कंप थांबतो. त्यासाठी तो भाग जाळून नष्ट करावा लागत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये कंपासाठी आणि २००२ मध्ये पार्किन्सन्ससाठी या उपचाराला मान्यता दिली. भारतात १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात तो रुजला. आज दिल्ली, बंगळूर, तिरुवनंतपुरम आदी ठिकाणच्या मोठ्या संस्थांतही ही शस्त्रक्रिया होते.

यंत्राचे तीन भाग असतात. पहिली, मेंदूत खोलवर जाणारी सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार. ती कवटीतील छोट्या छिद्रातून आत जाते आणि त्या छिद्रावर टोपण बसवून ती जागीच पक्की केली जाते. दुसरी, जोडतार. ती डोक्याच्या त्वचेखालून, कानामागून, मानेतून छातीपर्यंत उतरते. तिसरा भाग म्हणजे कॉलरबोनच्या खाली त्वचेत बसवलेली, हृदयाच्या पेसमेकरसारखी दिसणारी टायटॅनियमची छोटी पेटी. हिच्यातच बॅटरी असते आणि येथूनच स्पंदने निघतात.

हे सारे त्वचेच्या आत असते, बाहेर काहीही दिसत नाही. हीच या उपचाराची सोय, आणि हीच त्याची नाजूक बाजू. माथ्यापासून छातीपर्यंतच्या या सबंध वाटेवर यंत्र आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये त्वचेचा काही मिलिमीटरचा पडदा एवढेच काय ते अंतर असते.

त्वचा का हार खाते

डोक्याची त्वचा ताणलेली असते आणि तिच्याखाली लगेच हाड असते. हाताला किंवा पोटाला जशी चरबीची गादी असते तशी येथे नसते. अशा त्वचेखाली टणक वस्तू ठेवली की त्वचा तिच्यावर ताणली जाते, ताणामुळे बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा घटतो आणि त्वचा हळूहळू पातळ होऊ लागते. प्रथम लाली, मग चकाकी, मग निळसर छटा, मग एक लहानशी खपली, आणि एके दिवशी खपलीखाली तार दिसते. ही झीज शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही होऊ शकते. जागा मुख्यतः तीन : माथ्यावरील छिद्राचे टोपण, कानामागे दोन तारा जुळतात तो जोड, आणि छातीतील पेटीच्या कडा.

जंतुसंसर्गाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच डोके वर काढतो आणि पुष्कळदा छातीतील पेटीभोवती सुरू होतो. त्यामागे बहुधा स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात. ते कुठून परके येत नाहीत. माणसाच्या त्वचेवर आणि नाकपुडीत ते मुक्कामालाच असतात. निरोगी माणसांपैकीही सुमारे पाव ते एक तृतीयांश जणांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आढळतो. एरवी तो उपद्रव देत नाही. परंतु शरीरातील धातू वा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर तो पोहोचला की स्वतःभोवती चिकट आवरण विणतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. या आवरणाआडच्या जंतूंपर्यंत शरीराच्या रक्षक पेशी नीट पोहोचत नाहीत आणि प्रतिजैविकेही थिटी पडतात. साध्या जखमेतील संसर्ग आठवड्याभराच्या औषधाने बरा होतो. यंत्रावरचा संसर्ग मात्र औषधाने दबतो, निर्मूल होत नाही, याचे कारण हेच.

संसर्ग छातीपुरताच असेल, तर पुष्कळदा पेटी व जोडतार काढून मेंदूतील तार वाचवता येते. काही आठवडे किंवा महिने औषध देऊन, जागा पूर्ण निर्मळ झाल्यावर नवी पेटी बसवतात. संसर्ग तारेच्या वाटेने माथ्यापर्यंत गेला असेल, तर सर्वच काढावे लागते. नाहीतर तो मेंदूपर्यंत पोहोचण्याचे भय असते. स्पंदने एकाएकी थांबली की दबून राहिलेला आजार उसळून येतो. वर्षानुवर्षे यंत्रावर अवलंबून असलेल्या काही रुग्णांत ही अवस्था जिवावरही बेतू शकते. शिवाय यंत्राचा कित्येक लाख रुपयांचा खर्च पुन्हा समोर उभा राहतो, तो निराळाच.

शल्यचिकित्सकाच्या हातातील गोष्टी

गेल्या तीन दशकांच्या अनुभवातून शल्यचिकित्सकांनी अनेक सुधारणा केल्या आहेत. त्यांतील पहिली छेदाच्या आकाराची. पूर्वी टोपणावरूनच सरळ छेद घेतला जाई आणि टाक्यांची ओळ नेमकी टणक भागावर येई. आता बरेच तज्ज्ञ वक्राकार छेद घेतात, म्हणजे यंत्र अखंड त्वचेखाली राहते आणि टाके बाजूला पडतात. डोक्याला रक्त खालून वर माथ्याकडे येते, ही गोष्ट ध्यानात ठेवून छेदाचा पाया रुंद ठेवला जातो.

दुसरी सुधारणा उंचवटा कमी करण्याची. टोपण कमी उंचीचे वापरतात, किंवा त्याच्याभोवतीचे हाड किंचित कोरून ते खाली बसवतात. कानामागचा जोड फुगीर असतो. त्याच्यासाठी कवटीच्या हाडात उथळ पन्हळ कोरली की तो तिच्यात सामावतो आणि वरच्या त्वचेचा ताण उतरतो. हा जोड मानेत उतरू देऊ नये, कारण मानेच्या सततच्या हालचालीने तार तुटण्याचा संभव असतो. जखम शिवताना एकाच थराने न शिवता आतले मजबूत आवरण वेगळे आणि वरची त्वचा वेगळी शिवतात. रुग्ण फार कृश असेल, तर छातीतील पेटी त्वचेलगत न ठेवता स्नायूच्या आवरणाखाली बसवता येते. लहान मुलांवर स्नायूंच्या डिस्टोनिया या विकारासाठी ही शस्त्रक्रिया केली जाते. त्यांच्या पातळ त्वचेत या दक्षतेला विशेष महत्त्व असते.

तिसरा भाग निर्जंतुकतेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रियेतील संसर्ग टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. गरज असेल तेव्हाच केस काढावेत, आणि तेही वस्तऱ्याने नव्हे तर क्लिपरने, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांच्या आत प्रतिजैविक द्यावे, हेही त्यांत आहे. अनेक ठिकाणी ते तासाभराच्या आत देतात. नाकात स्टॅफिलोकोकस आढळल्यास म्युपिरोसिन मलमाने तो आधीच घालवण्याची पद्धत पुष्कळ शस्त्रक्रियांत रूढ झाली आहे. काही शल्यचिकित्सक जखम बंद करण्यापूर्वी तिच्यात व्हँकोमायसिन या औषधाची पूड टाकतात. शस्त्रक्रियागृहातील माणसांची ये-जा कमी ठेवणे, यंत्र हाताळण्यापूर्वी हातमोजे बदलणे, या गोष्टी दिसायला लहान. पण परिणामाने मोठ्या.

बॅटरीचा प्रश्नही त्वचेशी निगडित आहे. साध्या बॅटरीची पेटी साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते, आणि दर वेळी तीच जखम पुन्हा उघडते. संसर्गाची शक्यताही दर वेळी नव्याने उद्भवते. चार्ज करता येणारी पेटी महाग असते, परंतु पंधरा वर्षे वा त्याहून अधिक टिकू शकते. साठीच्या आतल्या रुग्णाचा हिशेब मांडताना केवळ पेटीची किंमत न पाहता पुढे किती वेळा त्वचा उघडावी लागेल, हेही मांडावे. मात्र नियमाने चार्ज करण्याचे भान रुग्णाला नसेल आणि ते काम करणारे घरात दुसरे कोणी नसेल, तर साधी पेटीच बरी.

घराच्या हातातील गोष्टी : आधी

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरोघरी पहिली चूक एकच होते. आदल्या दिवशी नेहमीच्या न्हाव्याला घरी बोलावून डोके तुळतुळीत करून घेतले जाते. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक छेद पडतात आणि जंतूंना आयती दारे मिळतात. केस काढण्याचे काम रुग्णालयावरच सोपवावे.

पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या डोक्याची त्वचा पुष्कळदा तेलकट होते, तिच्यावर चिकट कोंडा धरतो आणि खाज सुटते. हा आजाराचाच एक भाग आहे, अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचारोगतज्ज्ञाकडून त्याचा उपचार करून घ्यावा. पुढे टाक्यांवर नखे चालणार नाहीत. अंगावर कुठे गळू असेल, दाढ किडून सुजली असेल, लघवीत जळजळ असेल, तर लपवू नये. मधुमेह असल्यास साखर केवळ आदल्या दिवशी नव्हे, तर आधीचे दोन-तीन महिने आटोक्यात हवी. तंबाखू आणि धूम्रपान यांनी त्वचेचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून ते सोडावेत. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ती केव्हा थांबवायची हे डॉक्टरांनीच सांगावे.

आहाराचा मुद्दा शाकाहारी घरांत विशेष विचाराचा आहे. जखम भरून येण्यासाठी प्रथिने लागतात. परंतु लेव्होडोपा आणि प्रथिने यांची आतड्यातून व मेंदूत शिरण्याची वाट एकच असल्याने त्यांच्यात चढाओढ होते. ‘प्रथिनांनी गोळी लागू पडत नाही’ असे ऐकून अनेक रुग्ण डाळ, दूध, पनीर सोडून देतात आणि दिवसेंदिवस कृश होतात. कृश माणसाची पातळ त्वचा यंत्र पेलण्यास दुबळी ठरते. उपाय प्रथिने सोडण्यात नाही, वेळा साधण्यात आहे. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी आणि प्रथिनांचा मोठा वाटा सायंकाळच्या भोजनात ठेवावा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत गोळीच्या वेळा त्या हिशेबाने डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. शाकाहारी व्यक्तींत जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता वारंवार आढळते, तीही तपासून घ्यावी.

उपवास, आयंबिल, चौविहार यांविषयी स्पष्ट असणे आवश्यक आहे. पार्किन्सन्सची गोळी एकाएकी बंद केल्यास शरीर ताठरते, तीव्र ताप चढतो आणि प्राणावर बेतू शकते. शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे हा शरीर क्षीण करण्याचा काळ नव्हे. औषधासाठी पच्चक्खाणात आगार असतो, तो कसा ठेवायचा हे गुरुभगवंतांना विचारून ज्येष्ठांचे मन आधीच निःशंक करावे. रात्री लपून गोळी टाळणाऱ्या वृद्धाची समजूत रुग्णालयात घालत बसण्यापेक्षा हे बरे.

घराच्या हातातील गोष्टी : नंतर

टाके असेपर्यंत जखम कोरडी ठेवावी. डोके केव्हा धुवायचे, कशाने धुवायचे, हे शल्यचिकित्सक सांगतील तसेच करावे. जखमेवर खोबरेल, हळद, तूप वा घरगुती लेप लावू नये. स्वयंपाकघरातील हळद कितीही गुणकारी मानली, तरी ती निर्जंतुक नसते. सुटणारी खपली ओढू नये. जखम पूर्ण भरेपर्यंत केसांना कलप लावू नये.

मग येते आयुष्यभराची राखण. कानामागचा जोड आणि चष्म्याची काडी एकाच जागी घासत असतील, तर चष्मेवाल्याकडून काडी बदलून घ्यावी. स्कूटर चालवणे वा मागे बसणे डॉक्टरांच्या संमतीने असेल, तर हेल्मेट कुठे दाबते ते तपासावे. लग्नकार्यातील घट्ट फेटा, डोक्याची जोरदार मालीश, दातेरी कंगवा, त्याच कुशीवर तासन्‌तास झोपणे, हे सारे त्वचेवरील दाबाचेच प्रकार आहेत. मालाच्या नमुन्यांची जड पिशवी पेटीच्या बाजूच्या खांद्याला अडकवू नये. मोटारीचा पट्टा पेटीवर काचत असेल तर मध्ये मऊ कापडाची घडी ठेवावी, पट्टा मात्र सोडू नये. काही रुग्णांना बसल्या बसल्या त्वचेखालची पेटी बोटांनी फिरवण्याची सवय लागते. त्याने आतल्या तारा पिळवटतात. खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपी केंद्रात गेल्यास यंत्र बसवल्याचे प्रथम सांगावे. डायथर्मीचा शेक अशा रुग्णांना सर्वथा वर्ज्य आहे, कारण त्याने तारेच्या टोकाशी मेंदू भाजण्याचा धोका असतो.

डोक्याचा माथा आणि कानामागची जागा रुग्णाला स्वतःला दिसत नाही. म्हणून घरातील एका व्यक्तीने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चांगल्या उजेडात केस बाजूला सारून तिन्ही जागा पाहाव्यात. दर वेळी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले, तर मागच्या आठवड्याशी ताडून पाहता येते. पडणे हे पार्किन्सन्समध्ये नेहमीचे. पडल्यानंतर हाडांबरोबर या तीन जागाही तपासाव्यात.

खपली दिसली तर

लाली, गरमपणा, सूज, दाबल्यावर दुखणे, ओलसरपणा, पू, न भरणारी खपली, किंवा तारेचा आकार पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट दिसू लागणे. यांतील एकही लक्षण दिसले, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. ताप नाही, दुखत नाही, म्हणून थांबू नये. झीज पुष्कळदा मुळीच दुखत नाही.

येथे दुसरी मोठी चूक होते. ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून प्रतिजैविकाचा एखादा कोर्स घेतला जातो. लाली ओसरते, घर निर्धास्त होते आणि जंतू बायोफिल्मच्या आड बळावत राहतात. शिवाय अर्धवट औषधामुळे पुढे तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि योग्य औषधाची निवड अवघड होते. गावातील डॉक्टरांनी ती जागा साधे गळू समजून सुईने टोचू नये, यासाठी यंत्राचे ओळखपत्र नेहमी खिशात असावे आणि ते आधी दाखवावे. त्वचा केवळ पातळ झाली आहे, अजून फाटलेली नाही, अशा अवस्थेत रुग्ण पोहोचला तर तार हलवून अधिक खोल बसवता येते, किंवा शेजारची निरोगी त्वचा सरकवून ती जागा झाकता येते. तार एकदा उघडी पडली, की हे पर्याय झपाट्याने कमी होतात.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत मेंदूविषयीच्या प्रश्नांबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. छेद यंत्रावर येणार की बाजूला? कानामागचा जोड कसा बसवणार? या प्रकृतीला कोणती पेटी योग्य? आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री-अपरात्री जखमेविषयी शंका आली, तर फोन कोणाला करायचा? चौथ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मिळालेला क्रमांक घरातील सर्वांच्या मोबाइलमध्ये आणि दुकानातील फोनशेजारी लिहून ठेवावा.